ओपॅकमध्ये (ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये) पुस्तक सापडत नाही? वाचकगटाने कुठल्या क्रमाने काम करावे

वाचकगट जमतो, चहा होतो, पंचवीस-तीस तक्रारी कागदावर उतरतात आणि शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांना एक पत्र जाते: ‘मराठी पुस्तकांचा शोध नीट चालत नाही, कृपया सुधारणा करावी.’ त्या पत्राचे काही होत नाही, कारण करण्यासारखे त्यात काही नसते. कोणता शब्द टाकला, कुठल्या लिपीत, कुठल्या कीबोर्डवरून, कोणते पुस्तक यायला हवे होते, यातले काहीच कळत नसेल तर वाचणाऱ्याने हात कुठे घालायचा? शिवाय यातले बरेचसे दोष सॉफ्टवेअरचे नसतातच. ते आपल्याच नोंदींमध्ये असतात, किंवा बसवल्यापासून कुणी उघडूनही न पाहिलेल्या एखाद्या सेटिंगमध्ये.

खालचा क्रम बडोदे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. एकाच कॅटलॉगमध्ये मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी पुस्तके, आणि दांडिया बाजारातला मराठी घरातला मुलगा फोनवर गुजराती कीबोर्ड वापरणारा. उदाहरणे कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरची आहेत, कारण तिथे तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंतचे सगळे उघड्यावर चालते. तुमच्याकडे सोल किंवा ई-ग्रंथालय यांपैकी दुसरे सॉफ्टवेअर असेल तर पहिले पाच टप्पे जसेच्या तसे चालतील. पुढे कुठे वाट बदलते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

## १. गट: सहा ते आठ जण, त्याहून जास्त नको

गटात नोंदी करणारी एक व्यक्ती हवी, देवघेवीच्या काउंटरवर बसणारी एक, आणि सर्व्हरला हात लावू शकणारी एक. उरलेले सगळे वाचक, आणि तेही एकसारखे नकोत. मराठी कीबोर्डवर टंकणारे एक ज्येष्ठ वाचक, रोमन अक्षरांत मराठी टंकणारा एक विद्यार्थी, गुजराती माध्यमात शिकलेला एक मराठी वाचक, संदर्भासाठी येणारा एक संशोधक. स्क्रीनरीडर वापरणारे दृष्टिहीन वाचक तुमच्याकडे येत असतील तर त्यांना आधी बोलवा. निकालांच्या पानावरचे मुके बटण त्यांना पहिल्या मिनिटात सापडते.

ग्रंथपालांनी गटात जरूर असावे, पण वाचक शोधत असताना त्यांच्या खुर्चीमागे उभे राहू नये. ‘असे नाही, आधी आडनाव टाका’ असे एकदा सांगितले की ती चाचणी वाया गेली. वाचकाला शिकवायचे नसते, तो काय करतो ते टिपायचे असते.

## २. खरे शब्द गोळा करा

दोन आठवडे पुरतात. एक सामायिक तक्ता करा आणि त्यात एवढेच रकाने ठेवा: टाकलेला शब्द, शोधाचा प्रकार (सर्व, शीर्षक, लेखक, विषय), यंत्र आणि कीबोर्ड, हवे असलेले पुस्तक, मिळालेल्या निकालांची संख्या.

शब्द कॉपी करून चिकटवायचा, ऐकून किंवा बघून पुन्हा टंकायचा नाही. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो आणि सगळ्यात महाग पडतो. काउंटरवरची व्यक्ती शब्द पुन्हा टंकते तेव्हा नकळत तो ‘शुद्ध’ करते, आणि ज्या चुकीमुळे पुस्तक सापडले नाही नेमकी तीच पुसली जाते.

दुसरा स्रोत म्हणजे सर्व्हरची प्रवेशनोंद. ओपॅकवर केलेला शोध पानाच्या पत्त्यात उमटतो, त्यामुळे सर्व्हर सांभाळणारा माणूस दोन आठवड्यांचे शोधशब्द एका यादीत काढून देऊ शकतो. देवनागरी आणि गुजराती शब्द तिथे टक्क्यांच्या चिन्हांच्या माळेसारखे दिसतात, ते उलगडून घ्यावे लागतात.

इशारा: यादी गटाच्या हाती देण्यापूर्वी आयपी पत्ता, सभासद क्रमांक आणि नाव काढून टाका. कोण काय वाचतो हे गटाला कळण्याचे कारण नाही.

## ३. चाळीस शोधांचा ठरलेला संच

गोळा झालेल्या शब्दांतून चाळीस निवडा आणि मग त्यांना हात लावू नका. पुढच्या प्रत्येक फेरीत हेच चाळीस जातील. वाटणी साधारण अशी: नेमक्या शीर्षकाचे दहा, लेखकाचे आठ, विषयाचे आठ, शुद्धलेखनातल्या फरकाचे सहा, दुसऱ्या लिपीतून केलेले सहा, आणि ज्यांना शून्य निकालच यायला हवेत असे दोन. हे शेवटचे दोन लोक हमखास गाळतात. शोध सैल झाला तर ते हे दोनच सांगतात.

प्रत्येक शोधासमोर अपेक्षित पुस्तकाचा नोंदक्रमांक आधीच लिहून ठेवा. विषयाच्या शोधाला तीन ते पाच क्रमांक चालतील. निकाल पाहिल्यावर ‘हेही ठीकच आहे’ असे ठरवायला लागलात की प्रत्येक फेरी यशस्वी दिसते.

तपासा: अपेक्षित पुस्तक खरोखर संग्रहात आहे ना? त्याची नोंद ओपॅकवर दडवलेली तर नाही? कर्मचाऱ्यांच्या बाजूने दिसते आणि ओपॅकवर दिसत नाही असे पुस्तक शोधदोषात मोजू नका.

## ४. पहिली फेरी

शक्य असेल तर चालू कॅटलॉगवर नव्हे, त्याच्या चाचणी-प्रतीवर करा. सॉफ्टवेअरची आवृत्ती, शोधयंत्र कोणते (कोहामध्ये झेब्रा किंवा इलास्टिकसर्च) आणि शेवटचा पूर्ण इंडेक्स (शोधासाठी यंत्राने केलेली नोंदींतल्या शब्दांची सूची) कधी केला, या तीन गोष्टी तक्त्याच्या माथ्यावर लिहा.

ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, सगळे चाळीस शोध दोघांनी स्वतंत्रपणे करायचे. हवे ते पुस्तक पहिल्या दहांत आले का आणि कितव्या क्रमांकावर, एवढेच लिहायचे. दोघांचे आकडे जुळत नसतील तर आधी ते का ते शोधा. बहुतेक वेळा एकाने ‘फक्त उपलब्ध’ ही खूण चालू ठेवलेली असते.

## ५. दोष कुणाचा: नोंदीचा, सेटिंगचा की सॉफ्टवेअरचा

सगळे काम इथे ठरते, म्हणून इथे घाई नको. फसलेला प्रत्येक शोध पुढच्या क्रमानेच तपासा.

पहिले. नोंदक्रमांकाने नोंद उघडा. शीर्षक नीट देवनागरीत दिसते का? जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या नोंदी रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खिचडीसारख्या दिसतात. फाँट बदलून त्या डोळ्यांना वाचता येतील, शोधाला कधीच नाही. त्यांचे रूपांतरच करावे लागते. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, आणि रूपांतरात ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

दुसरे. नोंदीतले शीर्षक कॉपी करून तेच शोधा. तरीही पुस्तक येत नसेल तर नोंद इंडेक्समध्ये गेलेलीच नाही. पूर्ण इंडेक्स पुन्हा करून घ्या आणि तोच शोध पुन्हा लावा. यातच काही ‘गंभीर दोष’ मावळतात.

तिसरे. कॉपी केलेले शीर्षक सापडते पण वाचकाचा शब्द सापडत नाही, तर दोन्ही शब्द शेजारी ठेवून अक्षर-अक्षर तपासा. डोळ्यांनी नाही. प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवणारे कुठलेही साधन चालेल. मराठीत हटकून सापडणाऱ्या जागा अशा:

- ॲ आणि अॅ. पहिला एकच वर्ण आहे (युनिकोड ०९७२), दुसरा ‘अ’वर चंद्र चढवून केलेला. दिसायला एकच, यंत्राला दोन. गुजराती कीबोर्डवरून आलेला शब्द लिप्यंतरात तिसरे रूप घेतो, ‘ऍ’.
- ऱ्य आणि ऱ्ह. ‘कैऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ला हलन्त लावून टंकता येतो, तसाच साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही. पडद्यावर दोन्ही एकसारखे.
- आद्याक्षरे. ‘वि. वा.’ मध्ये जागा सोडली तर दोन शब्द होतात, ‘वि.वा.’ असे जोडून टंकले तर एकच.
- टोपणनाव. नोंदीत ‘शिरवाडकर, वि. वा.’ आणि वाचकाने टाकले ‘कुसुमाग्रज’. जोड दिलेली नसेल तर शोधयंत्राला हा माणूस एकच आहे हे कळणार कसे?
- ऱ्हस्व-दीर्घ, ल आणि ळ. गुजराती किंवा हिंदी वळणाने लिहिलेली मराठी बडोद्यात सर्रास आढळते. तिला अशुद्ध म्हणून तक्त्यातून काढू नका.

चौथे. दोन्ही शब्द तंतोतंत एकच आहेत आणि तरी निकाल चुकीचे, किंवा भलतेच निकाल मिसळून येतात, तर सेटिंग पाहा. झेब्रा वापरत असाल तर इंडेक्सिंग आयसीयू पद्धतीवर (युनिकोडमधल्या सगळ्या लिप्या हाताळणाऱ्या) आहे ना, हा पहिला प्रश्न. दुसरी सीएचआर पद्धत रोमन लिपीला पुरते, भारतीय लिप्यांना नाही.

आयसीयू चालू असूनही एक खड्डा उरतोच. युरोपीय भाषांतली अक्षरांवरची चिन्हे गाळण्यासाठी ‘जागा न घेणारी चिन्हे काढा’ असा नियम आयसीयूच्या नियमांच्या फाइलमध्ये असू शकतो. फ्रेंचला तो बरा. देवनागरीत मात्र उकार, एकमात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी युनिकोडच्या लेखी जागा न घेणारी चिन्हे आहेत, आणि काना, दोन्ही वेलांट्या, ओकार ही जागा घेणारी. म्हणजे नियम निम्मी बाराखडी पुसतो आणि निम्मी ठेवतो. ‘कूळ’ आणि ‘केळ’ दोन्ही ‘कळ’ होऊन इंडेक्समध्ये जातात. कुळकायद्यावर काही हवे म्हणून ‘कूळ’ शोधणाऱ्याला केळीच्या लागवडीची पुस्तके दिसू लागली तर याच नियमाकडे बोट दाखवा.

तपासा: ‘कूळ’ आणि ‘केळ’ वेगवेगळे शोधा. दोन्हींचे निकाल तेवढेच आणि तेच असतील तर नियम चालू आहे.

या चारही पायऱ्यांवर जे टिकले तेच सॉफ्टवेअरचे. ते थोडे असेल, आणि थोडेच असायला हवे.

## ६. आधी नोंदी, मग सेटिंग

हा क्रम उलटा करू नका. का ते गुजराती लिपीच्या मुद्द्यावर कळेल.

### नोंदी

मार्क २१ हा ग्रंथनोंदीचा ठरलेला साचा, त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचा रकाना असतो. शीर्षकाचे दुसरे रूप २४६ मध्ये, दुसऱ्या लिपीतले रूप ८८० मध्ये, भाषेचा संकेत ००८ च्या ३५ ते ३७ या स्थानांवर. मराठीचा संकेत एम-ए-आर, गुजरातीचा जी-यू-जे. जुन्या नोंदींमध्ये इथे हटकून इंग्रजीचा संकेत राहिलेला असतो, कारण कुणीतरी एका साच्यावरून शेकडो नोंदी पाडलेल्या असतात.

लेखक आणि स्थळांच्या पर्यायी नावांसाठी प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत भर घालत बसू नका. ऑथॉरिटी नोंद करा, म्हणजे एका नावाची सगळी रूपे एकत्र बांधणारी वेगळी नोंद. स्थळाचे स्वीकृत नाव १५१ मध्ये एकच, आणि ४५१ मध्ये उरलेली सगळी: बडोदा, बडोदे, बरोडा, वडोदरा. यातले कुठलेही टाकले तरी पुस्तक मिळावे यासाठी कोहामध्ये ‘इन्क्लूड-सी-फ्रॉम-इन-सर्चेस’ हे सेटिंग चालू करून पूर्ण इंडेक्स करावा लागतो. नुसते सेटिंग चालू करून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे जागोजागी भेटतात.

घाऊक बदल कोहाच्या ‘बॅच रेकॉर्ड मॉडिफिकेशन’ने करता येतात. आधी बॅकअप, मग दहा नोंदी, त्या उघडून पाहा, मग शंभर, मग बाकी.

इशारा: लेखकाच्या नावांचा घाऊक बदल करताना एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे दोन लेखक एकात विरघळू देऊ नका. हे परत सुटे करायला महिने जातात.

### सेटिंग

एका वेळी एकच बदल, मग पूर्ण इंडेक्स, मग चाळीस शोध. दोन बदल एकत्र केले की सुधारणा कशामुळे झाली हे सांगता येत नाही, आणि बिघाड कशामुळे झाला हे तर नाहीच.

‘अंदाजे जुळणी’ म्हणजे फझी शोध चालू करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मराठीत तो जपून वापरा. प्रत्येक काना-मात्रा यंत्राच्या हिशेबी स्वतंत्र वर्ण असतो, त्यामुळे ‘काळ’ला ‘काल’, ‘काळा’, ‘कळ’ सगळेच जवळचे वाटतात. लांब शब्दांना फायदा होतो, तीन-चार वर्णांच्या शब्दांना नुसता कचरा मिळतो. शब्दाच्या शेवटी काहीही चालेल अशी सोय (ऑटो-ट्रंकेट) ‘ग्रंथालय’ टाकून ‘ग्रंथालयाचे’ आणून देते, पण ‘घोडा’ टाकून ‘घोड्याचे’ आणत नाही, कारण सामान्यरूपात शब्दाचे अंगच बदलते. अशा ठिकाणी विषयशीर्षके नीट देणे हाच उपाय आहे.

आता गुजराती लिपी. आयसीयूमध्ये गुजराती-देवनागरी लिप्यंतराचा नियम तयार मिळतो. देवनागरी आणि गुजराती अक्षरे युनिकोडमध्ये एकाच क्रमाने लावलेली असल्याने हे लिप्यंतर सरळ होते. तो नियम झेब्राच्या आयसीयू फाइलमध्ये घातला की इंडेक्स करताना आणि शोधताना दोन्हीकडे लागू होतो, आणि गुजराती कीबोर्डवरून टाकलेले मराठी शीर्षक सापडू लागते. बडोद्यासाठी याहून जास्त फळ देणारा एकच बदल दाखवता येणार नाही.

पण त्याबरोबर सगळी गुजराती शीर्षकेही इंडेक्समध्ये देवनागरी होऊन बसतात. ‘कथा’ टाकले की दोन्ही भाषांची पुस्तके एका रांगेत येतात, आणि वाचकाला प्रगत शोधात भाषेची मर्यादा घालावी लागते. ती मर्यादा भाषेच्या संकेतावर चालते. संकेत चुकलेले असतील तर मराठी पुस्तके मराठीच्या मर्यादेतूनच गळतील. म्हणून आधी नोंदी.

तपासा: ‘ॲ’ असलेले शीर्षक दोन्ही लिप्यांतून शोधा. ‘ॲ’, ‘अॅ’, ‘ऍ’ ही तिन्ही रूपे एकावर आणण्याचा नियम वेगळा लिहावा लागेल.

सोल आणि ई-ग्रंथालय वापरणाऱ्यांनी नोंदींचे काम स्वतः करावे. इंडेक्सचे नियम तुमच्या हातात नसतील तर ते पुढच्या टप्प्यातल्या अहवालात घाला.

## ७. अहवाल

कोहाच्या दोषनोंदणीत (बगझिला) आधी शोधा. तोच दोष आधी कुणी नोंदवला असेल तर नवा अहवाल नको, त्याखाली तुमचे उदाहरण जोडा. तिथले काम इंग्रजीत चालते. इंग्रजी मोडके असले तरी चालते, पायऱ्या मोडक्या असून चालत नाही.

एका अहवालात एकच दोष. मथळ्यात ‘मराठी शोध बिघडला’ लिहू नका. ‘अदृश्य जोडचिन्ह असलेला शब्द जोडचिन्हाविना टाकल्यास सापडत नाही’ असे लिहा. खाली या क्रमाने: आवृत्ती आणि शोधयंत्र, दोष पुन्हा घडवून आणायच्या क्रमवार पायऱ्या, काय व्हायला हवे, काय होते. देवनागरी शब्दासोबत त्याचे युनिकोड क्रमांक द्या. समोरच्याला लिपी येत नसते, आणि चित्रातून जोडचिन्ह दिसत नाही. दोष दाखवणाऱ्या दोन-तीन नोंदी मार्क फाइल म्हणून जोडा.

सोलसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आणि ई-ग्रंथालयासाठी एनआयसीकडे हाच मजकूर जातो. फरक एवढाच की तिथे दहा ग्रंथालयांनी दहा पत्रे पाठवण्यापेक्षा सर्वांच्या नावांनी एक अहवाल पाठवावा आणि त्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. बडोद्यातल्या छोट्या ग्रंथालयांनी यासाठी तरी एकत्र बसावे.

## ८. दुरुस्ती तपासणे

वाचकगट सगळ्यात कमी जातात ते इथे, आणि सगळ्यात जास्त गरज असते तीही इथेच. कोहामध्ये कुणी दुरुस्ती लिहिली की अहवालाची स्थिती ‘नीड्स साइनऑफ’ होते. लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्याने ती चालवून पाहिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. त्यानंतर ‘साइन्ड ऑफ’, मग गुणवत्ता तपासणी, ‘पास्ड क्यूए’, आणि मग मुख्य प्रवाहात. देवनागरीची दुरुस्ती तपासायला देवनागरी वाचणाराच लागतो, आणि तो न मिळाल्यामुळे ती पहिल्या पायरीवरच पडून राहू शकते.

यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. कोहाचे सँडबॉक्स ब्राउझरमधूनच उघडतात. अहवालाचा क्रमांक दिला की ती दुरुस्ती बसवलेला एक तात्पुरता कोहा तयार होतो. त्यात मराठी नोंदी असतील असे गृहीत धरू नका, सातव्या टप्प्यातली मार्क फाइल चढवा. अहवालातल्या पायऱ्या करा, आणि मग दोन पायऱ्या अशा करा ज्या लिहिणाऱ्याने सांगितलेल्या नाहीत: तोच शोध इंग्रजी शब्दाने, आणि तोच लेखकाच्या रकान्यातून.

काम झाले तर साइन-ऑफ द्या. नाही झाले तर नेमके काय झाले ते लिहा. ‘चालत नाही’ ही नोंद इथेही तितकीच निरुपयोगी.

इशारा: सँडबॉक्स सगळ्यांना उघडा असतो. त्यात खऱ्या सभासदांची माहिती कधीच चढवू नका.

## ९. नवी आवृत्ती आल्यावर

कोहाची मोठी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि तिचा क्रमांक वर्ष-महिन्याचा असतो: २४.०५, २४.११. दोषांच्या दुरुस्त्या मधल्या मासिक आवृत्त्यांतूनही मिळतात, नव्या सोयी सहसा पुढच्या मोठ्या आवृत्तीतच. म्हणून तुमची मागणी दोष आहे की सोय, हे अहवालातच खरेपणाने लिहा. सोयीला दोष म्हणून घुसवले की तपासणारा ती परत पाठवतो.

चाचणी-प्रतीवर नवी आवृत्ती बसवा आणि तुम्ही बदललेली आयसीयू फाइल जागेवर आहे का ते पाहा. नसेल तर गुजराती लिपीतले सगळे शोध एकदम शून्यावर येतील. तुमच्या एखाद्या स्थानिक नियमाचे काम आता सॉफ्टवेअरच करत असेल तर तो नियम काढून टाका, नाहीतर एकाच शब्दावर दोनदा प्रक्रिया होते. मग पूर्ण इंडेक्स आणि तेच चाळीस शोध. अडतीस शोध आधीपेक्षा चांगले आले आणि शून्य यायला हवे होते त्या दोन शोधांनी पुस्तके दाखवली, तर ती आवृत्ती चालू कॅटलॉगवर चढवायची नाही. आधी शोध कुठे सैल झाला ते पाचव्या टप्प्याच्या चौथ्या पायरीपासून तपासा.